धोंडूच्या पडवीतलं गाठोडं

कंदिलाची वात जरा वर करा. घाबरवायला नव्हे, मला तुमचा चेहरा दिसायला हवा. मी बर्फाच्या कारखान्यातला माणूस. मशीन, लादी, अमोनियाचा वास, एवढंच माझं जग. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

ब्याऐंशी सालची गोष्ट. मुंबईचा कारखाना सोडला होता. रत्नागिरीला बंदराजवळ नव्या बर्फ कारखान्यात ऑपरेटरची जागा मिळाली होती. एक एप्रिलला, गुरुवारी, हजर व्हायचं. मध्ये आठ दिवस रिकामे. अशी चैन पुन्हा कुठे मिळणार? गावाला आलो आणि ठरवलं, सोमवारी निघायचं. संगमेश्वरला बहीण गोदाकडे एक रात्र, हातखंब्याला जुन्या मित्राकडे, गनीकडे, एक रात्र, मग हॉटेलात एक दिवस आराम आणि कामावर.

सोमवारचा मुहूर्त काशीने, माझ्या बायकोने, भटजींना विचारून काढलेला. पण पावसाआधी घराची कौलं चाळून नीट बसवायचं काम अर्धं राहिलं होतं. मग तिने प्रस्थान ठेवलं. म्हणजे आपण निघायचं नाही, पण आपला सदरा, नारळ, सुपारी आणि मूठभर तांदूळ गाठोड्यात बांधून मुहूर्तावर शेजारी ठेवायचं. तेवढ्याने आपण निघालो असं धरतात. मग निघताना ते गाठोडं उचलून न्यायचं. माझा चौकडीचा सदरा शेजारच्या धोंडूच्या पडवीत गेला.

मंगळवारी एसटी लवकर आली. कंडक्टर घंटी मारायला लागला, मी धावत सुटलो. गाठोडं राहिलं.

संगमेश्वरला गोदाने दार उघडलं आणि हसली.

"काय रं दादा, काय इसरलास?"

"म्हणजे?"

"काल जेवलास, ऱ्हायलास, सकाळी गेलास. नि आता परत?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. गोदा लहानपणापासून तशीच. पण मला जेवायला वाढताना ती म्हणाली, "आज तरी बोल. काल तोंडातनं शबूद नाय. नि तो चौकडीचा सदरा खं टाकलास?"

चौकडीचा सदरा तर धोंडूच्या पडवीत होता.

हातखंब्याला गनी टपरीवर चहा उकळत होता. मला बघून त्याने माझ्यासमोर माझी छत्री ठेवली. माझीच, मुंबईत हरवलेली. दांड्यावर माझं नाव कोरलेलं.

"काल बाकड्यावर राहिली तुझी," तो म्हणाला.

मी छत्री घेतली नाही. आरामाचा दिवस तर उशिरा निघाल्याने गेलाच होता. गुरुवारी उजाडताच कारखाना गाठला. भीती वाटत होती, साफ सांगतो. माझ्या पोटाचा प्रश्न होता.

मुकादम गंगाराम खूश होता. "एक दिवस आधीच आलास, बरं केलंस. काल पुरी पाळी केलीस. हात चांगलाय तुझा."

त्याने हजेरीचं मस्टर उघडलं. माझं नाव, भागोजी लवू. सही माझीच, फक्त शेवटच्या अक्षराची शेपटी लांब, खाली ओढलेली.

"मी कुठे गेलो... काल?" मी विचारलं.

"घरी. गाठोडं आणायचं राहिलंय म्हणालास."

घरी काशी एकटी होती.

पुढची बस पकडली. वाटेत काय दिसलं, आठवत नाही. दुपारी पोचलो तर काशी ओट्यावर तांदूळ पाखडत बसलेली. जीव भांड्यात पडला.

"काल कोण आलं होतं?"

"कोन नाय. का वो?"

मी धोंडूकडे गेलो. गाठोडं तिथेच होतं. धोंडू मात्र माझ्याकडे बघेना. "राती पडवीत कोनतरी निजलेला," तो हळू बोलला. "गाठोडा उशाला घेऊन. मी कंदील काय नेला नाय..."

गाठ सोडली. सदऱ्याची कॉलर मळलेली, काखेत घाम, आणि अमोनियाचा वास. तोच सदरा अंगात घातला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. दुसरं काय करणार?

कारकुनाने सही पाहून मान हलवली. "पहिल्या दिवसाच्या सहीशी जुळत नाही. तशीच कर." मी शेपटी लांब ओढायला शिकलो. चार वर्षं पगार त्याच सहीवर घेतला. बँकेत तीच, पासपोर्टवर तीच. माझी जुनी सही आता मलाही येत नाही.

पासपोर्ट कशाला? मस्कतला बर्फाच्या कारखान्यात जागा मिळालीय. इथली नोकरी सोडली, पंधरा दिवस रिकामे आहेत. या वेळी कुठे फिरलो नाही, घरातून हललो नाही. प्रस्थान ठेवायचं नाही, असं काशीला बजावलं होतं. पण ती बिचारी माझ्या चांगल्यासाठीच करते. परवा, मुहूर्तावर, मला न सांगता नवा निळा सदरा धोंडूकडे ठेवून आली. आज संध्याकाळी बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं.

तसाच धावलो. हे बघा, हेच गाठोडं. गाठ काशीचीच आहे, मी सोडेपर्यंत कोणी सोडलेली नव्हती.

नारळ आहे. सुपारी आहे. तांदूळ आहेत.

माझं विमान परवा आहे.