शेवटची ओळ

गिटार शिकायची मला हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. वाजवायची ती माझी बायको. ती गेली आणि आमची चिमणी, सहा वर्षांची पोर, झोपेनाशी झाली. आई तिला रोज निजवताना एक धून वाजवायची, ती कानावर पडल्याशिवाय पोरीचा डोळ्याला डोळा लागेना. रेकॉर्ड करून ठेवायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. घरात माणूस असताना कोण असलं काही करतं? शेवटी तिची गिटार खांद्याला अडकवली आणि तिच्याच जुन्या सरांकडे गेलो. ती धून त्यांनीच तिला बसवून दिली होती.

सरांची खोली एका छापखान्याच्या वर. जिन्यात शाईचा वास, आत एकच खिडकी आणि दोन खुर्च्या, पाठीला पाठ लावून ठेवलेल्या. सर शिकवताना कधीच आपल्याकडे बघत नसत. भिंतीकडे तोंड करून बसायचे.

"हात दिसले की कान आळशी होतात, जावईबापू," ते म्हणाले. बायको त्यांना लेकीसारखी, म्हणून मी जावईबापू.

ती डावखुरी होती. तारा छेडायची डाव्या हाताने, दाबायची उजव्या. तिच्या गिटारच्या ताराही तशा उलट्या लावलेल्या. सरांनी त्या माझ्यासाठी बदलून दिल्या. पहिले काही दिवस बोटं अशी सोलवटली की भिंग धरवेना. मग डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले. चिमणी ते चाचपून बघायची आणि म्हणायची, "आईचे त्या हाताला होते."

एक गोष्ट राहिली. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत बायको त्या धुनेला नवी ओळ जोडत होती. उशीला टेकून, गिटार पोटावर घेऊन, दोन-चार सूर वाजवायची आणि दमून थांबायची. चिमणीला जवळ ओढून म्हणायची, "ही पुरी झाली ना, की आपण दोघी जाऊ हं." आम्हाला वाटलं, घरी. ओळ पुरी व्हायच्या आत ती गेली.

त्या दिवशी ताईला, म्हणजे चिमणीच्या आत्याला, कामाला जायचं होतं, म्हणून पोरीला शिकवणीला बरोबर नेलं. आभाळ भरून आलं होतं. खिडकीपाशी स्टुलावर ती बसली, मी माझं चाचपडत वाजवत होतो. तेवढ्यात दुकानातून फोन आला. खोलीत आवाज तुटत होता, म्हणून गिटार भिंतीला टेकवली आणि खाली जिन्याच्या तोंडाशी गेलो.

बोलत असतानाच वरून धून ऐकू आली. आमचीच. सफाईदार, एकही सूर न अडखळता. मला वाटलं, सर पोरीला वाजवून दाखवताहेत. खरं सांगतो, मला भरून आलं. फोन तसाच कानाला धरून मी ऐकत राहिलो.

वर आलो तर सर भिंतीकडे तोंड करून बसलेले. हात मांडीवर. त्यांची गिटार खुंटीला.

"वा, जावईबापू... आज जमलं," ते म्हणाले. "अगदी तिच्यासारखं. तारेवर हात पडतो तोसुद्धा तिचाच. पण पुढची ती ओळ कुठली? आणि अर्ध्यात का सोडलीत?"

"सर... मी खाली होतो."

खाली छापखान्याचं यंत्र तेवढ्यात थांबलं. चिमणी स्टुलावर होती तशीच होती. गिटार मात्र माझ्या खुर्चीवर आडवी पडली होती, मान उलट्या बाजूला करून.

"माझ्या पाठीशी कोण बसलं होतं?" त्यांनी हळूच विचारलं. वळून मात्र पाहिलं नाही. "पाठीला पाठ लागली होती हो... थंडगार..."

मी पोरीला स्टुलावरून उतरवलं आणि निघालो. "वाद्य इथेच राहू दे," ते मागून म्हणाले. "तारा मी आजच तोडतो."

जिना उतरताना तिचा उजवा हात माझ्या हातात होता. बोटांची टोकं मला टोचली. जिन्यातल्या दिव्याखाली तळहात उलटा करून बघितला. चारही बोटांना घट्टे, जाड, पिवळट. त्या पोरीने गिटारला कधी बोट लावलं नव्हतं.

"हे कशाने गं?"

"आई शिकवते ना. झोपल्यावर."

"आणि... शिकून झालं की?"

"मग आम्ही जाणार," ती म्हणाली. सहलीचं सांगावं तसं.

सरांनी तारा तोडल्या. मी शिकवणी सोडली, माझ्या बोटांचे घट्टे पापुद्रे निघून गेले. तिचे गेले नाहीत. आणि झोप म्हणाल, तर हल्ली ती पडल्या पडल्या झोपते. ताई खूश. "बघ, किती शांत झोपते पोर! उगाच काय उठवतोस सारखा?" तिला काय सांगू? जी झोप यावी म्हणून मी बोटं सोलून घेतली, तीच मोडायला आता रात्रभर उशाशी बसतो. मला भीती वाटते. वेड लागायची पाळी आलीय.

तिचा उजवा हात मुठीत धरून बसतो. झोप लागली की बोटं हलू लागतात, माझ्या तळहातावर एकेक तार दाबल्यासारखी. धून मला पाठ आहे, म्हणून कळतं कुठवर आली ते. मला येते तिथे संपली, की आणखी दोन-चार सूर, आणि थांबतात. तिथे मी तिला उठवतो.

आज बोटं तिथे थांबली नाहीत.

मी हाका मारल्या. हलवलं. तोंडावर पाणी मारलं. बोटं दाबतच होती, सावकाश, चुकत, परत मागे येऊन. फार वेळाने तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे रागाने पाहिलं.

"काय रे बाबा... एकच सूर राहिला होता."

एवढं म्हणून ती कूस बदलून वळली. तिचा हात अजून माझ्याच मुठीत होता. बोटांच्या टोकांवर तारेचे वळ होते, ताजे, लालभडक.