ङ ची चौकट

लातूर जिल्हा वेगळा होऊन वर्ष झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ताजा होता. पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिल्यासारखा इकडे फिरकला नव्हता. देवणीजवळच्या एका गावात मी बालवाडी चालवत होते. आईबाप रोजगार हमीवर खडी फोडायला गेले की तीसेक पोरं समाजमंदिरात माझ्यापुढे येऊन बसायची. माझ्याकडे शहरातून आलेल्या अंकलिप्या होत्या, पण त्यांतलं अननस कुणी पाहिलेलं नव्हतं आणि जहाजाला पोरं लोखंडाची बैलगाडी म्हणायची. म्हणून मीच पुस्तक करायला घेतलं. चित्रं माझी, आणि प्रत्येक अक्षराला दोन ओळी.

ट टँकरचा, टँकर आला दारी,
घागर घेऊन पळा पोरं सारी!

ग गायीचा, देवणीची गाय,
शेपटीनं पुसते आपलेच पाय!

लातूरला शरणप्पा मामांचा छोटा छापखाना होता. पायानं चालवायचं एक यंत्र, अक्षरांच्या शिशाच्या खिळ्यांच्या पेट्या आणि शाईचा गोडसर वास. कच्ची पानं तपासताना त्यांनी एका जागी बोट ठेवलं.

“शिवगंगाबाई, ही चौकट मोकळी का सोडली?”

“ङ पासून शब्दच सुरू होत नाही, मामा.”

“मग ऱ्हाऊ द्या. कागदाला तेवढाच इसावा.”

पुस्तकं वाटली तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. सकाळचं ऊन दारातून आत आलेलं, कढईत सुकडी भाजल्याचा वास, आणि पोरं पुस्तकांवर तुटून पडलेली. गायीपाशी ती हसली. घागरीपाशी त्याहून जास्त हसली. पुढच्या पानावर ङ ची रिकामी चौकट आली आणि तीसच्या तीस पोरं एकदम टाळ्या पिटायला लागली.

शाईचा डाग पडला असेल म्हणून मी वाकून पाहिलं. चौकट पांढरीशुभ्र होती.

तेवढ्यात मागून एक बारीक, खरखरीत आवाज आला.

“ङ ची चौकट, चौकटीत बाई,
हसतीय लई, पण बोलत न्हाई!”

ती सगुणा होती. चार वर्षांची. मागच्या उन्हाळ्यात तिची आई तापानं गेली आणि त्या दिवसापासून तिनं एक शब्द उच्चारला नव्हता. तिला सोडायला आलेली तिची आजी, पार्वतम्मा, दारातून धावत आत आली. सगुणानं त्या ओळी पुन्हा म्हटल्या. मग सगळ्या पोरांनी धरल्या. पार्वतम्मा रडत होती, हसत होती आणि दिसेल त्या पोराच्या तोंडात गूळ कोंबत होती. दुष्काळात एवढा आनंद मी त्या गावात पाहिला नव्हता. ओळी सगुणाला कशा सुचल्या, हे विचारायचं त्या दिवशी माझ्या मनातही आलं नाही.

आठवड्यानं कंधारहून कावेरीबाईंचं पत्र आलं. त्या तिकडे बालवाडी चालवायच्या, मी त्यांना टपालानं दहा प्रती पाठवल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, ‘पोरं खूश आहेत. ङ च्या ओळी तू छापल्या का नाहीस? आमच्या पोरांना तोंडपाठ कशा?’ खाली त्या दोन ओळी होत्या. त्याच.

मी पत्र दोनदा वाचलं. कुणीतरी पाहुणा इकडून तिकडे गेला असेल, अशी मनाची समजूत घातली.

दुसरी आवृत्ती काढायची ठरली, तेव्हा नव्या कचेरीतून सूचना आली, की चौकट रिकामी ठेवू नये, ‘वाङ्मय’ घालावे. मी पुस्तकांच्या ढिगाचं चित्र काढून दिलं. शरणप्पा मामांनी त्याचा छपाईचा ठोकळा करून घेतला. भर दुपारी, माझ्यासमोर, त्यांनी यंत्रावर पाय मारला.

ग छापला. घ छापला. ङ सुद्धा छापला. त्याखालची चौकट कोरी.

मामांनी ठोकळ्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं. ठोकळा जरा वर यावा म्हणून त्याखाली कागदाची पट्टी सारून त्यांनी पुन्हा छापलं. कोरी. अकरा कागद झाले.

“तीस वर्षं झाली ह्या धंद्यात,” ते हळूच म्हणाले. “असं न्हाई बघितलं.”

“मग?”

“मग काय, बाई! जिला ऱ्हायचंय तिला ऱ्हाऊ द्या.”

मामांना ओळींबद्दल मी काहीच सांगितलं नव्हतं.

पुस्तक तसंच निघालं. पोरं वाढली, हजेरी वाढली. कामाच्या शोधात गाव सोडू पाहणारी दोन घरं पोरांच्या हट्टापायी थांबली. संक्रांतीपर्यंत सात पोरं वाचायला लागली. माझ्या लक्षात आलं, की ज्याला वाचता येतं, तो ङ च्या पानावर हसत नाही. सरळ पान उलटतो.

फाल्गुनात सगुणानं पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. मी तिला उचलून गरागरा फिरवलं. खाली उतरल्यावर तिनं पुस्तकातलं ङ चं पान उघडलं.

“बाई, गेली.”

“कोण?”

ती मोठी माणसं हसतात तशी थोडी लाजून हसली आणि खेळायला पळाली.

पार्वतम्मा भिंतीला टेकून बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं. मी पुस्तक तिच्या हातात दिलं.

“अम्मा, ह्या चौकटीत काय दिसतं?”

तिनं पदरानं पान पुसलं. तिचा चेहरा उजळला.

“बाई हाय की. पैल्यांदा एकटीच व्हती. आता भवती पोरं बसलीत.”

“किती?”

तिनं बोटांवर मोजलं. “आठ.”

बाहेर अंगणात सगुणा ओरडून ओरडून पाटीवरचं नाव सगळ्यांना दाखवत होती.

“आपली सगुणा बी हाय,” पार्वतम्मा म्हणाली. “मांडीवर बसलीय.”



पार्वतम्मानं पान उजेडाकडे धरलं आणि त्याच्याकडे बघून हात हलवला.

थोडं थांबली.

मग तिकडूनही कुणी हात हलवावा, तशी खुदकन हसली.