कंदीलवालीचा तिसरा भाग

पद्मा, ती राख अन् ते फडकं ठेव बाजूला. ह्या कंदिलाची काच पुसायची न्हाई. नवी आलीस तू, तुला कुणी सांगितलं नसंल, म्हणून बोलत न्हाई काही. ये, बस इकडं. कंदील मधी ठेव अन् वात जरा मोठी कर.

उद्या तुमी दोघं वसमतला जाऊन राहिलात पिच्चरला, व्हय ना? मला पोरगं बोललं. कंदीलवालीचा चौथा भाग लागलाय म्हणे, पक्क्या टाकीजात, पंखे अन् खुर्च्या. जावा की. मी काहून आडवी येऊ? पण सकाळपासून तू तीनदा विचारलंस, 'आत्याबाई, आधीचे भाग कसे होते?' तर सांगते. मला सांगायचंच होतं कुणाला तरी.

आमच्या वेळेला टाकीज कुठलं? तंबू. कुरुंद्यात हळद शिजायला लागली की अमरसिंगाचा तंबू यायचा. गावभर कढयांची वाफ अन् हळदीचा उग्र वास, तळव्यांपासून नखांपर्यंत बायका पिवळ्या, अन् बैलगाडीवर भोंगा बांधून अमरसिंग हिंडायचा. त्याचा आवाज ऐकला की भाकरी करपायच्या, सांगते तुला.

तंबूत पडदा असायचा बराबर मधी. अलीकडं गडीमाणसं अन् मशीन, पलीकडं आमी बायका. म्हणजे आमी पिच्चर मागून बघायचो. खेळ सुरू व्हायच्या आधी अमरसिंगाचा माणूस बादलीनं पडद्यावर पाणी मारायचा. कापड ओलं झालं की चित्र मागून साफ दिसतं. त्या ओल्या कापडाचा वास अजून नाकात हाय माझ्या. अक्षरं उलटी दिसायची, पण आमाला कुठं वाचता येत होतं? उलटं काय अन् सुलटं काय. फक्त घरी आलं की भांडण. तुझे सासरे म्हणायचे, कंदीलवालीच्या उजव्या हातात कंदील हाय. मी म्हणायची, डाव्या. ते म्हणायचे, 'तुमी बायका उलट्या बाजूनं बघता, तुमाला उलटंच दिसणार.' हसून पोट दुखायचं आमचं.

बायका घरून कंदील घेऊन यायच्या. तंबूच्या दारात वाती बारीक करून ओळीनं ठेवायच्या. आपला कोणता ते कळावं म्हणून दांडीला चिंधी बांधलेली, कुणाची लाल, कुणाची ठिपक्यांची. हिरवी चिंधी गोजराक्काची. हा बघ, हाच तो कंदील.

गोजराक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तू बघितली न्हाईस तिला. तिला एकच लेकरू, जळबा. सहा-सात वर्षांचं, नाकात शेंबूड अन् तोंडात गाणं. कंदिलाच्या काचा पुसायचं काम त्याच्याकडं. मोठ्या माणसाचा हात काचेत जात न्हाई, पद्मा, ते लेकरांचंच काम. त्यो राख-फडकं घ्यायचाच न्हाई. काचेत तोंड घालून हाऽऽ करायचा, वाफ धरली की सदऱ्याचं टोक आत घालून गरागरा फिरवायचा. अक्का ओरडायची, 'सदरा काळा केला मेल्यानं.' अन् हसायची.

शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत गेलो होतो सगळे. तिथं हात सुटला त्याचा. दिवसभर हुडकलं, रातभर हुडकलं, पोलिसांत सांगितलं, पुढं कैक महिने भावजी गावोगाव फिरले. जळबा काही घावला न्हाई. मेला म्हणावं तर माती दिली न्हाई. हाय म्हणावं तर कुठं हाय?

तवापासून अक्कानं हा कंदील कुणाला पुसू दिला न्हाई. काजळी धरून धरून काच काळीकुट्ट झाली, उजेड जेमतेम पायापुरता पडायचा. मी पुसाया गेले तर माझा हात धरला तिनं. 'त्याचं काम हाय ते. आला म्हणजे करील.' मी फडकं खाली ठेवलं.

त्याच्या पुढच्या हळदीला कंदीलवालीचा पहिला भाग आला. दुष्काळाच्या आधीची गोष्ट. काळा-पांढरा पिच्चर. एका बाईचं लेकरू हरवतं, ती कंदील घेऊन हुडकत हिंडते, विहिरीत पडून मरते अन् मेल्यावरही हिंडतच राहते. वाटसरू दिसला की विचारते, 'मेरा लाल देखा क्या, भैया?' बस, एवढंच. कुणाला मारत न्हाई, काही न्हाई. पण तिनं विचारलं की अंगावर काटा यायचा. बायका पदरात तोंड घालून बसायच्या. अक्का मात्र डोळा हालवायची न्हाई. शेवटाला कंदीलवाली शेतातून लांब लांब जाते अन् पिच्चर संपतो. लेकरू भेटलं का न्हाई, कळतच न्हाई. तंबू होता तितके दिवस अक्का रोज गेली, अन् रोज मला घेऊन गेली.

मग दुसरा भाग आला. कंदीलवाली दुसरीच नटी. ती दात विचकायची, लोकांच्या मानगुटीवर बसायची. गडीमाणसं म्हणाली, झकास हाय. अक्का अर्ध्यातून उठली. वाटंनं म्हणाली, 'मंजुळा, हिचं लेकरू हरवलेलंच न्हाई. ही नुसती भीती घालून राहिली.'

त्या पावसाळ्यात अक्का तापानं गेली. जायच्या आधल्या संध्याकाळी मला जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेलेला. म्हणाली, 'तिसरा भाग येईल... तू जा. तिला लेकरू भेटतं का बघ. अन् मला सांग.'

मी म्हणलं, 'अक्का, तुला कसं सांगू?'

'तू सांग... मी ऐकीन.'

वचन दिलं मी. मरणाऱ्या बाईला दुसरं काय देणार? पण तवापासून ते माझ्या जिवाला लागून राहिलं. सैपाक करताना, हळद निवडताना, एकच. तिला लेकरू भेटलं पाहिजे. नसंल भेटत, तर अक्काला काय तोंडानं सांगू?

तिसरा भाग आला. मी अक्काचाच कंदील घेऊन गेले, काळ्या काचेचा. जनकाबाई शेजारीण म्हणाली, 'अगं, ह्याच्या उजेडात पडशील कुठंतरी.' मी म्हणलं, पडू दे. दारातल्या ओळीत ठेवला अन् आत जाऊन पोतं हातरलं. दोघींपुरतं हातरलं, सवयीनं. जनकाबाई त्या मोकळ्या जागेवर बसाया लागली, तर मी म्हणलं, तिकडं सरक.

अन् काय सांगू तुला, रद्दी पिच्चर. रंगीत होता म्हणून सगळे खूश. कंदीलवालीच्या ओठाला ही लाली. मधीच गाणं, मधीच धूर, एक मांत्रिक डोळे वटारून राहिलाय. लेकराचं नावच न्हाई. माझा जीव नुसता खाली-वर. म्हणलं, शेवटाला तरी भेटंल. अजून शेवट ऱ्हायलाय.

आता इथं ध्यान देऊन ऐक. त्या वेळेला एकच पिच्चर दोन गावांत चालायचा. हट्ट्याच्या तंबूत रिळाचा एक डबा संपला की फटफटीवाला त्यो इकडं कुरुंद्याला आणायचा, मग इथं लागायचा. मधी खोळंबा झाला तर अंधारात बसून राहायचं, दाणे खायचे. त्या दिवशीही शेवटच्या डब्याच्या आधी अंधार झाला. थोड्या वेळानं पडदा उजळला.

आवाज नव्हता. आमाला वाटलं, भोंगा बिघडला. पण चित्र असं साफ, की कापडाचे धागे दिसू नयेत. रात हाय, जत्रा उठून गेलेली, पालांच्या खुणा पडल्यात. कंदीलवाली आली. लाली न्हाई, काही न्हाई. नुसतं लुगडं, पदर तोंडावर ओढलेला. दमून खाली बसली. कंदील बाजूला ठेवला. दांडीला चिंधी होती, पद्मा. हिरवी.

मी जनकाबाईचा हात धरला. तिचा हात गार पडलेला.

मग मागं उरलेल्या एका पालाच्या आडून लेकरू आलं. काही पळालं न्हाई, रडलं न्हाई. कंदिलाजवळ उकिडवं बसलं. पेटत्या कंदिलाची काच काढली, उघड्या हातानं. तोंड आत घातलं... अन् सदऱ्याचं टोक घालून गरागरा फिरवलं.

असलं कुणी पिच्चरमधी दाखवतं का? कुणाला ठाऊक असणार ते?

काच बसवली तसा लख्ख उजेड पडला. आमच्या सगळ्यांच्या तोंडावर पडला. बाईनं लेकराचा हात धरला अन् दोघं चालाया लागले. पाठमोरे न्हाई. आमच्याकडं तोंड करून. येत होते, येत होते... मी डोळे मिटून घेतले. ओल्या कापडाचा वास एकदम जवळ आला. माझ्या बाजूच्या पोत्यावर कुणीतरी बसल्यावाणी पोतं ताणलं गेलं.

तेवढ्यात कनातीचा पडदा वर झाला. तुझे सासरे कंदील घेऊन उभे. त्यांच्या मागं अमरसिंग. म्हणाले, 'काय झालं तुमाला? अंधारात काय बघून राहिलात?'

सगळ्या बायका मान वर करून काळ्या पडद्याकडं बघत बसलो होतो.

अमरसिंग म्हणाला, 'बाई, आखरी डब्बा आयाही नहीं. फटफटी रस्ते में बंद पड गई. मैंने मशीन कब का बंद किया.' गडीमाणसं शिव्या घालून केव्हाच घरी गेलेली. इंजिनही बंद होतं. मग माझ्या ध्यानात आलं, इतका वेळ इंजिनाची धडधड आलीच न्हाई कानावर, पलीकडून विडीचा वास आला न्हाई.

जनकाबाईनं विचारलं, 'मग आमी बघितलं ते?'

वाटंनं तुझे सासरे एवढंच म्हणाले, 'उलट्या बाजूनं बघता तुमी.' पण हसले न्हाईत.

बाहेर ओळीत सगळ्यांचे कंदील होते. माझा नव्हता. म्हणलं, कुणीतरी नेला असंल चुकून. घरी आले, कडी काढली. मधल्या घरात उजेड. अक्काच्या खुंटीला कंदील लटकलेला, पेटता. अन् काच अशी स्वच्छ, की हाय का न्हाई कळू नये.

मी भुईवर बसले. लई रडले, पद्मा. मग बोलले, 'अक्का, भेटलं गं. तिला लेकरू भेटलं.' वात जरा हालली, वाऱ्यानं असंल.

म्हणून म्हणते, चौथा भाग बघा, मजा करा. पण त्यो तिसऱ्याच्या पासंगाला पुरणार न्हाई. त्यो शेवट कुणी काढलेलाच न्हाई, अन् कुरुंद्याच्या बायकांशिवाय कुणी बघितलेला न्हाई. आता तंबूही येत न्हाई. अमरसिंग परत आलाच न्हाई कधी. हळद शिजाया लागली की मी अजून भोंग्याची वाट बघते, येड्यावाणी.

अन् काच म्हणशील, तर तवापासून मी ती कधी पुसलेली न्हाई, तरी काजळी धरत न्हाई तिला. माझा हात बघ, जातो का आत? तुझ्या नवऱ्यालाही लहानपणी हात लावू दिला न्हाई, अन् आता तर ह्या घरात लेकरूही न्हाई अजून.

काय गं, अशी काहून बघून राहिलीस कंदिलाकडं? सरक, मला बघू दे.

हां. वाफ धरलीय आतून. पेटत्या कंदिलाला आतून वाफ धरत नसती, पद्मा. बोलू नको. त्याचं काम चालू हाय, होऊ दे.