हेमांगीचा नमबिंदू

केंजळ्यांच्या एजन्सीत चहा येण्याआधीच कराराचा निकाल लागलेला असायचा. समोर बसलेल्या माणसाला मात्र वाटायचं, बोलणी अजून सुरूच व्हायची आहेत.

"चहा घेणार ना?" केंजळे विचारायचे. समोरचा माणूस आपल्याकडच्या रीतीप्रमाणे नको म्हणायचा. केंजळे पुन्हा विचारायचे. नको, आत्ताच झाला, असं उत्तर यायचं. आणखी आग्रह केला की तो म्हणायचा, बरं, अर्धा कप. टेबलावरच्या चपट्या पेटीला एवढं बोलणं पुरायचं. पहिला 'नको' किती घट्ट होता, दुसरा किती सैल पडला आणि 'बरं' म्हणण्याआधी श्वास कुठे अडकला, यावरून ती त्या माणसाचा नमबिंदू काढायची आणि केंजळ्यांच्या चष्म्याच्या काचेवर दाखवायची.

पोलादाच्या कांबीवर भार वाढवत नेला तर ती आधी नुसती ताणली जाते आणि भार काढला की पूर्ववत होते. एका मर्यादेनंतर, म्हणजे नमबिंदूनंतर, मात्र ती कायमची वाकते. माणसालाही अशी एक मर्यादा असते आणि ती आवाजावरून मोजता येते, हा त्या काळातला मोठा शोध होता. तो लागला मनोरुग्णांच्या उपचारासाठी आणि वापरला सगळ्यांत आधी एजन्सींनी. आपल्याकडे शोधांचं बहुधा असंच होतं.

तोवर कायमची नोकरी जवळजवळ संपली होती. इंजिनियर, परिचारिका, हिशेबनीस, सगळे स्वतंत्र कंत्राटावर काम करायचे आणि काम मिळायचं एजन्सीकडून. कराराच्या अटी कामगाराने स्वतःच्या तोंडाने ठरवल्या पाहिजेत, वकील चालणार नाही, असा कायदा होता. कुणी आपल्या वतीने भलतंच कबूल करू नये म्हणून तो केलेला. त्याचा फायदा कुणाला झाला हे सांगायला नको.

हेमांगी दुधाणे पुलांची कंपनं तपासायची. पूल कुठे थकलाय हे तिला यंत्रांच्या नोंदींवरून बरोबर कळायचं. आपण कुठे थकतो हे मात्र तिच्याआधी केंजळ्यांना कळायचं. याआधीचे सगळे करार तिने असेच मान खाली घालून केले होते. या वेळी काम मोठं होतं, खाडीवरच्या लांब पुलाचं, आणि राहायचं तिथल्याच छावणीत. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. काम संपल्यावर पूलवाल्या कंपनीशी थेट काम करायला बंदी नको. आणि वडिलांनी बोलावलं की कारण न विचारता चार दिवस घरी जाता आलं पाहिजे.

दुसरी अट तिच्या जिव्हाळ्याची होती. अप्पा, तिचे वडील, एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त होऊन गडहिंग्लजला एकटेच राहायचे. आई गेली तेव्हा हेमांगी अशाच एका छावणीत अडकून पडली होती. सुट्टीचं कलम नव्हतं, आणि निघून येण्याएवढी धमक तिच्यात नव्हती. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी ठरवलं होतं.

"मॅडम, तुमचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे," केंजळे म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "पण माझीही अडचण समजून घ्या. सुट्टीचं असं कलम घातलं तर मी वर काय तोंड दाखवू? गरज पडली तर बघू ना आपण. मी आहे की."

हा माणूस नाराज होईल या कल्पनेनेच हेमांगीला घाम फुटला. 'चालेल' हा शब्द ओठांवर आला आणि तिने कसाबसा तो गिळला. "उद्या सांगते," असं म्हणून ती उठली. चष्म्याआडून केंजळे हसले. उद्या ती काय सांगणार हे त्यांना काचेवर दिसत होतं.

ती तडक डॉक्टर कुमुद ओगल्यांकडे गेली. नमबिंदू मोजण्याच्या शोधात या बाईंचा मोठा वाटा होता आणि त्याचा वापर कशासाठी होतोय हे बघून त्या कातावल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी त्यावर एक उपाय काढला होता. हेमांगीने त्यांना अप्पांच्या कलमापासून सगळं सांगितलं.

"मॅडम, ती पेटी फसवता येईल का?" हेमांगीने विचारलं. "आवाज बदलून वगैरे?"

"नाही. पेटी आवाज ऐकत नाही, तुझी भीड ऐकते. कुणाला नाही म्हणायची वेळ आली की तुला आत काय होतं?"

"काहीतरी टोचतं. समोरचा दुखावला जाईल असं वाटतं."

"तीच भिडेची कळ. दुसऱ्याची नाराजी मेंदूचा एक भाग आपलंच दुखणं म्हणून नोंदवतो. कळ असह्य झाली की माणूस हो म्हणतो. तोच त्याचा नमबिंदू. चुंबकीय स्पंदनं देऊन मी ती कळ बधिर करू शकते. मग तू ढोंग करणार नाहीस. तू खरोखरच नमणार नाहीस."

"मग करा की. आजच करा."

"घाई करू नकोस. दाढ काढताना अख्खा गाल बधिर होतो ना, तसं आहे हे. कळ फक्त केंजळ्यांपुरती बधिर करता येत नाही. आणि ते आपोआप उतरतही नाही. उलटी स्पंदनं घ्यायला तुला परत यावं लागेल."

"सही झाली की दुसऱ्या दिवशी येते."

"आणखी एक. तेव्हा मी तुझी संमती नव्याने घेणार. सुरुवातीला बधिर केलेल्या काही जणींना घरच्यांनी ओढत आणलं होतं, हिला पुन्हा पहिल्यासारखी करा म्हणून. मी हाकलून दिलं. तेव्हाच हा नियम मी केला."

"माझ्या बाबतीत तो प्रश्नच येणार नाही," हेमांगी म्हणाली. तिला तेव्हा तसंच वाटत होतं आणि ते खोटंही नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिने स्पंदनं घेतली. दुसऱ्या दिवशी केंजळ्यांनी चहाचं विचारलं. ती नको म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नको म्हणाली, अगदी त्याच सुरात. केंजळ्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी अडचणी सांगितल्या, जुने संबंध काढले, शेवटी थोडा आवाजही चढवला. हेमांगीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. समोर एक माणूस नाराज होतोय एवढं तिला दिसत होतं, पण ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्या कामासाठी तिच्या तोडीचा माणूस दुसरा नव्हता, हे तिला आणि केंजळ्यांना दोघांनाही ठाऊक होतं. दोन्ही कलमं तिने सांगितली त्याच शब्दांत लिहिली गेली.

बाहेर आल्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा मोकळं वाटलं. मला विचाराल तर तिथे तिची काहीच चूक नव्हती. जे तिचं होतं तेच तिने घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ओगल्यांकडे गेली नाही. त्या आठवड्यातही गेली नाही. ओगल्यांनी निरोप पाठवले, त्यांना नम्र उत्तरं आली. पुढचे काही महिने त्यांनी वाट पाहिली आणि मग त्या स्वतःच खाडीवरच्या छावणीत जाऊन पोचल्या.

हेमांगीने त्यांचं नीट आगतस्वागत केलं. ती कृश नव्हती, दुःखी नव्हती. उलट तब्येत सुधारली होती आणि झोप चांगली लागत होती.

"अप्पांकडे जाऊन आलीस का?" ओगल्यांनी विचारलं.

"नाही. त्यांनी बोलावलं होतं बऱ्याचदा. का, म्हणून मी विचारलं. म्हणाले, सहजच, करमत नाही. तपासण्या तर सगळ्या ठीक आहेत त्यांच्या. मग इकडचं काम टाकून कशाला जायचं?"

"अगं, त्या कलमासाठीच तर तू हे सगळं केलंस."

"कलम आहे की. लागेल तेव्हा जाईन."

"आता लागलं नाही, हे कुणी ठरवलं?"

"मीच. दुसरं कोण ठरवणार?"

ओगल्यांनी तिला समजावून बघितलं, विनवणी केली, वयाचा मान सोडून हात जोडले. एकदा परत ये, म्हणाल्या, अर्ध्या तासाचं काम आहे, नंतर हवं तर पुन्हा बधिर करून देते. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. हेमांगीने त्यांना पाणी आणून दिलं.

"तुमचं म्हणणं मला कळलं, मॅडम," ती म्हणाली. "पटलं नाही. मी पुन्हा टोचून घ्यावं याला एक तरी कारण सांगा."

ओगल्यांना कारण सांगता येईना. पटण्यासाठी मुळात माणसाला थोडं नमावं लागतं, आणि नेमकं तेवढंच त्यांनी तिच्यातून काढून घेतलं होतं. तिच्या संमतीशिवाय तिला हात लावायचा नाही, हा नियमही त्यांचाच होता. तो चुकीचा होता असं त्यांना अजूनही म्हणवेना.

परतीच्या वाटेवर त्यांनी अप्पांना फोन लावला. आपण कोण आणि काय केलं ते सगळं सांगितलं, माफी मागितली. अप्पांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, बाई," शेवटी ते म्हणाले. "पोरगी पहिल्यापासनं फार भिडस्त. कुणीबी वाकवावं तिला. आता ताठ बोलत्या, बरं वाटतंय मला ऐकून."

"तुम्ही फोन करत राहा तिला. निदान आवाज तरी कानावर पडेल."

"करत होतो की. पण ती विचारत्या, काय काम होतं? काम तर काय नसतंय. मग फोन घेऊन कारण शोधत बसतो, ते काय घावत नाही, आणि ठेवून देतो. आता आजारी पडलो की करतो."