खाडीतला फिकट बोया

बंदरात बोट ठेवायला परवानगी होती, बोटीवर झोपायला नव्हती. संध्याकाळी दिवे लागले की पहारेकरी धक्क्यावरून फेरी मारायचा, केबिनच्या काचेवर टॉर्चचा झोत टाकायचा आणि म्हणायचा, "सर, यल्ला, घर." सुरुवातीला तो हसून म्हणायचा. पुढे हसणं बंद झालं.

अंबरीशला घरी झोप येत नव्हती. त्याची बायको शैला उन्हाळ्यात गेली. मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीतला फ्लॅट तोच होता, पलंग तोच, एसीची घरघर तीच. पण डोळे मिटले की काहीतरी राहून गेलंय असं वाटायचं. गॅस, नळ, दाराची कडी. तो उठून बघून यायचा. सगळं बंद असायचं. येताना सावनीच्या दाराखालून मोबाइलचा उजेड दिसायचा. मुलगीही जागीच असायची. दोघंही एकमेकांना तसं कळू देत नसत.

बोट फायबरची, सेकंडहँड, शैलाच्या हट्टापायी घेतलेली. केबिनमध्ये दोन बाकं, एक छोटी शेगडी, बस्स. शैला गेल्यावर एका दुपारी इंजिनाचं तेल बदलून तो बाकावर जरा आडवा झाला आणि चक्क गाढ झोपला. अंबरीशचा सगळा जन्म यंत्रांच्या दुरुस्तीत गेला होता, आधी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, मग मस्कतला. बिघाडाला कारण असतं आणि उपायालाही असतं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. पाणी हलतं, अंग सैल पडतं, झोप लागते. यात गूढ काही नव्हतं. प्रश्न एवढाच उरला, की रात्री बोट बांधायची कुठे.

शेजारच्या धक्क्यावर अहमदभाईची बोट असायची. तो मूळचा रत्नागिरीकडचा, इथे टुरिस्टांना डॉल्फिन दाखवायला नेण्याचा त्याचा धंदा.

"काय साहेब, लोकं झोपायला घर शोधतात," तो म्हणाला, "तुम्ही बोट निजवायला जागा शोधताय."

"ती निजली तर मी निजेन."

"मग बंदर खैरानला जा. डोंगराच्या आत खाड्याच खाड्या हायत. एक नाय तर दुसरी मिळेल, इन्शाल्ला."

पहिल्या खाडीत पिकनिकवाले निघाले. शेकोटी, मटण, स्पीकर. दुसरीत उत्तरेचा वारा सरळ आत शिरत होता आणि बोट रात्रभर कपाळ आपटत राहिली. तिसरीत नांगराने तळ धरलाच नाही. पहाटे बघतो तर बोट खडकापासून हातभर अंतरावर. अंबरीश लाल डोळ्यांनी कामावर जायचा आणि दिवस मावळला की पुन्हा निघायचा.

मग त्याला ती खाडी सापडली. तोंड अरुंद, आत गेल्यावर वळण, त्यामुळे बाहेरून दिसायची नाही. तिन्ही बाजूंनी पिवळ्या दगडाचे कडे. दिवसभर तापलेला दगड अंधार पडल्यावरही उष्णता सोडत राहायचा, भिंतीला पाठ लावून बसल्यासारखं वाटायचं. मधोमध एक बोया होता, बोट बांधायचा तरंगता गोळा. कधीकाळी भगवा असावा, आता उन्हाने फिकट, जवळजवळ कातडीच्या रंगाचा. वर कडी. कडी गंजलेली नव्हती.

अनोळखी बोयावर कुणी डोळे झाकून विसंबत नाही. त्याने दोर बांधला आणि इंजिन उलटं फिरवून पूर्ण जोर लावला. दोर ताठ झाला, बोया जागचा हलला नाही. त्याने समाधानाने इंजिन बंद केलं, चहा केला, आणि तो पिऊन होण्याआधीच त्याला झोप लागली.

इतकी झोप त्याला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. रात्री मध्येच अर्धवट जाग आली तेव्हा दोराला हलकी ओढ बसत होती. ओढ, सैल, ओढ. झोपेतल्या माणसाने शेजारचं कुणी आहे ना, एवढं चाचपून बघावं तशी. तो कूस बदलून पुन्हा झोपला.

सकाळी बोट बोयाच्या जवळ आली होती. संध्याकाळी होती त्यापेक्षा बरीच जवळ. भरती-ओहोटी, त्याने ठरवलं.

तो रोज जाऊ लागला. बोट रोज थोडी आणखी जवळ यायची. गाठी त्याच्याच होत्या, त्याने बांधल्या तशाच. शेवटी एकदा बंदरात आल्यावर त्याने दोर सोडून बोटीच्या कडेने अंथरला. हा दोर पुढच्या टोकापासून मागच्या इंजिनाच्याही पलीकडे जायचा. आता तो केबिनच्या दारापर्यंतच पोचला. कुणी कापला असेल म्हणून त्याने टोकं पाहिली. टोकं उसवू नयेत म्हणून शैलाने दोन्हीकडे निळा दोरा गुंडाळला होता. तो दोन्हीकडे होता तसाच होता.

टोकं शाबूत होती. कमी झाला होता तो मधला दोर.

नायलॉन ओला झाला की थोडा आखडतो, हे त्याला माहीत होतं. थोडा म्हणजे किती, हेही माहीत होतं. त्याने दोर गुंडाळून ठेवला. सावनीला यातलं काही बोलला नाही. बोलला असता तर ती म्हणाली असती, जाऊ नकोस. आणि मग पुन्हा तो पलंग, तो नळ, ती कडी.

अहमदभाईला मात्र त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या वळणाच्या खाडीतला बोया कुणाचा हो?"

"कुठला बोया? कालच दुपारी टुरिस्ट घेऊन गेलो मी आत. कासवं दिसली. बोया नाय."

"भरतीत बुडत असेल."

"बोया बुडत नाय, साहेब. म्हणून तर त्याला बोया म्हणतात." अहमदभाई स्वतःच्याच विनोदावर हसला. अंबरीश हसला नाही, तसा तोही थांबला. "तुम्ही बांधता की काय त्याला?"

"नाही. लांबून बघितला."

"मग लांबनंच बघा."

त्याच आठवड्यात सावनीने गाडी ठोकली. तेजश्री म्हणून तिची मैत्रीण अल अमेरातला राहते, तिच्याकडून परत येताना डोंगरातल्या उतारावर सावनीचा डोळा लागला. गाडी कठड्याला घासत गेली. कठडा होता म्हणून वाचली. अंबरीशने दाराचा फाटलेला पत्रा पाहिला आणि तो तिथेच खाली बसला.

"तुला झोप लागते, बाबा," सावनी म्हणाली. तिचा जन्म इथलाच, मराठी बोलताना ती मध्येच अडायची. "तुझा फेसच चेंज झालाय. मी मात्र घरी एकटी. आख्खी रात्र. तुला माहितीय, मी भिंतीवर हात ठेवून बसते? आईच्या खोलीच्या."

"डॉक्टरकडे जाऊ."

"गेले होते. गोळ्या घेऊन आणखी भीती वाटते." ती त्याच्याकडे बघत राहिली. "मला पण ने ना तिथे."

न्यायचं नाही असं त्याच्या मनात होतं. पण तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं, आणि कठडा दर वेळी नसतो. त्याने मत्रहच्या दुकानातून नवा, जाड, लांबलचक दोर आणला. मागच्या बाजूने नांगरही टाकायचा, हे ठरवलं. दुसरी एखादी बरी खाडी मिळाली तर तिथेच थांबायचं, हेही ठरवलं.

गुरुवारची, म्हणजे सुट्टीच्या आदली संध्याकाळ होती. प्रत्येक खाडीत कुणी ना कुणी होतं. वळणाच्या खाडीत कुणी नव्हतं.

"बोया आहे की!" सावनी म्हणाली. "बांध ना."

त्याने दोर बांधला, होता तेवढा सगळा सोडला. मागून नांगर टाकला, तो धरल्याची खात्री करून घेतली. सावनीने मॅगी केली. दोघांनी ती एकाच पातेल्यातून खाल्ली. पाण्यात मासे उडत होते. कड्याची ऊब अंगावर येत होती.

"आई इथे आली होती कधी?"

"नाही. हे मलाही हल्लीच सापडलं."

"तिला आवडलं असतं," असं म्हणता म्हणता सावनी बाकावर कलंडली आणि लहानपणी झोपायची तशी, तोंड उघडं टाकून झोपली. अंबरीश तिच्याकडे बघत बसला. आज आपण जागायचं, असं त्याने स्वतःला बजावलं. मग दोराला ओढ बसली. ओढ, सैल. ओढ.

त्याला जाग आली ती स्टीलचं पातेलं घरंगळल्याच्या आवाजाने. उजाडत होतं. पातेलं केबिनच्या पुढच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं होतं. चमचेही तिथेच. जमीन पुढे उतरती झाली होती.

तो बाहेर आला.

पाणी काचेसारखं स्थिर होतं. वारा नव्हता. मागच्या नांगराचा दोर सैल तरंगत होता. बोटीचं पुढचं टोक पाण्याला टेकलं होतं, आणि नवा जाड दोर उभा, सरळ खाली गेला होता. खुंटीपासून पाण्यापर्यंत जेमतेम हातभर.

बोया पाण्याखाली होता. फिकट, गोल, स्पष्ट दिसत होता.

तो बघत असताना दोर आणखी ताणला. धक्का नव्हता. घाई नव्हती. पाणी काठावरून आत आलं आणि त्याच्या पावलांवर पसरलं. ते कोमट होतं.

"सावनी!"

ती उठली नाही. त्याने तिला खांद्याला धरून हलवलं, गालावर चापट मारली. तिचा श्वास संथ चालला होता. एक हात बाकावरून खाली लोंबत होता आणि मूठ दोर धरल्यासारखी घट्ट मिटलेली होती. चेहऱ्यावरचा सगळा ताण गेला होता. कित्येक महिन्यांत तिला असं त्याने पाहिलं नव्हतं.

तो तसाच उभा राहिला. झोपू दे, असं त्याच्या मनात आलं. त्यालाही पापण्या जड वाटत होत्या.

पाणी केबिनच्या उंबऱ्याशी आलं.

मग त्याने शेगडीजवळची सुरी घेतली, पुढे जाऊन पालथा पडला आणि दोर कापायला लागला. पीळ एकेक करून तुटले. शेवटचा तुटला तशी बोट एकदम वर उसळली आणि डोलत राहिली.

बोया वर आला नाही.

खुंटीवर उरलेला तुकडा त्याने सोडला आणि बाकाखालच्या खणात टाकला. तेव्हाच सावनी उठून बसली.

"काय झालं?"

"वारा सुटला. निघू या."

तिने स्थिर पाण्याकडे पाहिलं. परतीच्या वाटेवर ती मागे बसून राहिली, हात मांडीवर, मूठ तशीच. एकदाच म्हणाली, "किती छान झोप लागली होती, बाबा."

धक्क्यावर त्याने अहमदभाईला सांगितलं, बोट विकायची. अहमदभाईने कारण विचारलं नाही. "खलास, साहेब, विकली समजा. सोहारला एक गिऱ्हाईक हाय माझं. दोन दिवसांत घेऊन जाईल," तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने बोटीची किल्ली कपाटात ठेवली. ती रात्र दोघांनी आपापल्या खोलीत जागून काढली. त्याने गॅस बघितला, नळ बघितला. कंटाळून पलंगावर बसला आणि सकाळ होऊ दिली. नाही लागली झोप तर न लागो, त्याने ठरवलं. सावनीला चांगल्या डॉक्टरकडे नेऊ, पुण्याला नेऊ. पोर हाताशी आहे, एवढं पुरे.

दुपारी फोन आला. सावनी. ती झोपली असेल म्हणून त्याने सकाळपासून तिचं दार वाजवलं नव्हतं. मागे गाड्यांचे हॉर्न होते, कुणीतरी हिंदीत गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होतं.

"बाबा, मी मत्रहला आलेय. दोर घ्यायला."

अंबरीश उठून कपाटाकडे गेला. किल्ली नव्हती.

"दोर कशाला?"

"यांच्याकडे मोठं बंडल आहे. सगळंच घेते." तिचा आवाज शांत होता, लाडात आल्यासारखा. "म्हणजे थोडे दिवस पुरेल."

घरी ये, आत्ताच्या आत्ता, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं. आणि त्याला जांभई आली. मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी. ती संपेपर्यंत त्याला शब्द फुटेना.

फोनवर पलीकडे सावनीनेही जांभई दिली.