निळ्या फटफटीचा हॉर्न

"उडव गं, सायली! उडव!" गणराज ओरडला.

टीव्हीवरची लाल फटफटी उताराने सुसाट निघाली. ओळीने उभ्या असलेल्या बस ओलांडून पलीकडे उतरायचं होतं. सायलीने कंट्रोलरचं बटण दाबलं, गाडी हवेत उडाली आणि नेमकी तेव्हाच एक निळी फटफटी उलट्या दिशेने येऊन तिला धडकली. धडाम!

"आली! भुताची गाडी पुन्हा आली!" गणराज किंचाळला आणि त्याने उशीत तोंड खुपसलं.

भूत कसलं डोंबलाचं, असं प्राजक्ताला वाटत होतं. दिवाळीच्या सुट्टीत ती रावेतहून पिंपळे सौदागरला मामाकडे आली होती. सायली आणि गणराज तिची मामेभावंडं. या गेममध्ये दोन गाड्या पळवायच्या तर दोन कंट्रोलर लागतात, आणि दुसरा तर दसऱ्यापासून हरवलेला! "वस्तू सांभाळता येत नाहीत तर खेळू नका!" म्हणत विलासमामांनी तेव्हा दोघांना चांगलंच झापलं होतं. मग निळी गाडी चालवत होतं तरी कोण? रोज दुपारी ती आपोआप यायची, गोल गोल फिरायची आणि आपटायची.

काल प्राजक्ताने वायफाय बंद करून पाहिलं. निळी गाडी तरीही पळाली! म्हणजे हा बाहेरच्या कुणाचा उद्योग नव्हता, कंट्रोलर इथेच कुठेतरी जवळ होता. तिघांनी कपाटं, माळा, अगदी पिठाचा डबासुद्धा धुंडाळला. पिठाच्या डब्यावरून मामी काय बोलल्या ते न सांगितलेलंच बरं.

आज मात्र निळी गाडी वेगळंच वागू लागली. पळेना, वळेना. जागच्या जागी उभी राहून नुसता हॉर्न देत राहिली. पीं-पीं! पीं-पीं! पीं-पीं!

"काय हे पप्पांसारखं!" गणराजने कानांवर हात ठेवले.

"पप्पांसारखं म्हणजे?" प्राजक्ताने विचारलं.

"अगं, जिना चढायचा कंटाळा आला की ते खालून असाच हॉर्न वाजवतात. मग आपण खाली जायचं."

प्राजक्ता ताडकन उठली. "मग आपल्याला कोणीतरी खाली बोलावतंय! सायली, दसऱ्याला या घरातून खाली काय गेलं?"

"सोफा!" सायलीचे डोळे विस्फारले. "नवा आला म्हणून पप्पांनी जुना सोफा खालच्या रणजीतकाकांना दिला. कंट्रोलर त्याच्या फटीत असणार! चला!"

तिघं धडाधडा जिना उतरले. खालच्या दाराला बाहेरून कडी होती. शेजारच्या फ्लॅटमध्ये फरशा कापायचं मशीन कर्कश ओरडत होतं. आणि वास येत होता. गॅसचा!

गणराजचं बोट बेलकडे गेलं. प्राजक्ताने त्याचा हात मागे खेचला. "बेल नको! एक ठिणगी पडली तर संपलंच सगळं!"

सायलीने कडी काढली. आत जुन्या सोफ्यावर रणजीतकाकांची आई, सोजराआजी, पडली होती. पाय प्लास्टरमध्ये, नाकाला पदर आणि हातात कंट्रोलर!

"पोरींनो, दूध उतू जाऊन गॅस इझला! मला उठता येत न्हाई!"

प्राजक्ता श्वास रोखून स्वयंपाकघरात घुसली. तिने आधी शेगडी बंद केली, मग सिलिंडर. सायलीने खिडक्या सताड उघडल्या आणि गणराजच्या मदतीने सोफा ढकलत गॅलरीपाशी नेला. आजीने मोकळी हवा छातीभर घेतली.

गणराज तसाच खाली पळाला. पार्किंगमध्ये रणजीतकाका आणि विलासमामा कुणाच्या तरी नव्या मोटरसायकलभोवती उभे राहून ती ॲव्हरेज किती देते यावर वाद घालत होते. गणराजचं बोलणं ऐकून दोघेही धावत वर आले.

"दोन मिनटं म्हणून गेलो राव... दूध ठिवलंय ह्ये पार इसरलो." रणजीतकाका आईच्या पायाशी मटकन बसले. "आये, हाका तरी मारायच्या!"

"मारल्या की! त्या मशिनीपुढं कुणाला ऐकू जातंय? फोन तू तिकडं चार्जिंगला लावल्याला. ह्ये खेळणं पाठीला टोचत हुतं म्हणून सोफ्यातनं काढलं हुतं. ह्येचं बटन दाबलं की वर पोरं वरडत्यात, येवढं मला ठावं हुतं. म्हणून येकच बटन सारखं दाबत बसले."

विलासमामा कंट्रोलरकडे पाहतच राहिले. "म्हणजे हा मीच सोफ्याबरोबर देऊन टाकला? आणि वर तुम्हालाच ओरडलो! चुकलं माझं, पोरांनो. शाबास! आज तुम्ही मोठ्यांपेक्षा मोठे निघालात."

रणजीतकाकांनी तिघांपुढे हात जोडले. "माझी आय वाचवलीत. ह्ये उपकार जल्मभर इसरणार न्हाई."

सायलीला मात्र वेगळीच रुखरुख लागली होती. "आजी, आम्ही रोज एवढा आरडाओरडा करतो. तुमची झोपमोड होत असेल ना?"

"झोपमोड?" आजीने तिचा हात घट्ट धरला. "आगं, पाय मोडल्यापास्नं ह्या खोलीत दीस सरंना. तुमी वरडला की वाटायचं, घर भरल्यालं हाय. म्हणून तर रोज मुद्दाम बटन दाबायची मी!"

गणराजने हळूच आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विलासमामांनी टीव्ही, गेम आणि दोन्ही कंट्रोलर स्वतः खाली आणले. आजीच्या सोफ्यासमोर सगळ्या वायरी जोडल्या आणि मुलांकडे वळून ते म्हणाले, "ओरडायचंच आहे ना? मग इथे बसून ओरडा!"