तिसरा डबा, रिकामा

डेपोत सगळे त्याला तराजू म्हणत. मेट्रोचा प्रत्येक डबा धावण्याआधी रिकामा तोलायचा, ही त्याची नोकरी. डब्यात वजन किती, त्यावर ब्रेक किती जोरात लागणार हे ठरतं. म्हणून रिकाम्या डब्याच्या दोन्ही टोकांचे आकडे शून्यच हवेत. अर्धा किलो इकडचा तिकडे झाला, की हा गडी सगळ्या वायरी उसकटून बसायचा.

पंधरा दिवसांच्या रजेवरून तो परतला त्या दुपारी तिसऱ्या डब्याच्या मागच्या टोकाचा आकडा आला एकसष्ट. त्याने सीटखाली वाकून पाहिलं, वायरी बदलल्या. एकसष्ट ते एकसष्टच.

हा आकडा त्याच्या ओळखीचा होता. बायकोला सातवा महिना होता. दर सोमवारी दोघं मेट्रोने दवाखान्यात जायची, तिसऱ्या डब्यात, अगदी मागे बसून. शेवटच्या सोमवारी तिथल्या काट्यावर ती एकसष्ट भरली होती. "हत्तीण झालेय मी," म्हणून हसली होती. त्याच आठवड्यात ती गेली, पोटातल्या बाळासकट.

त्याने नोंदवहीत 'शून्य' लिहिलं. नोकरीतलं पहिलं खोटं.

पुढच्या सोमवारी आकडा साडेएकसष्ट होता. मग बासष्ट. तो रोज डबा पुसू लागला, मागची सीट जरा जास्तच. घरी आई म्हणाली, "हल्ली चार घास नीट जातात रे तुला. बरं वाटतं बघून." तिला सांगावंसं त्याला फार वाटायचं. पण सांगणार काय, कपाळ?

असे दोन महिने गेले. दिवस भरले असते. चौसष्टवर डेपोच्या प्रमुख बाईंनी लबाडी पकडली.

"तराजू, तुम्हीसुद्धा? थांबा, आत्ता शून्य करून टाकते."

बटण दाबलं की आकडा पुसला जाणार होता, आणि आकड्यासोबत ती.

"एकदा आत बसतो," तो गयावया करत म्हणाला. "खात्री करू."

मागे जायचं धाडस झालं नाही. तो पुढच्या टोकाला बसला. बाई बाहेर आकड्यांच्या पडद्यापाशी उभ्या राहिल्या. वॉकीटॉकी खरखरला.

"पुढे बहात्तर, मागे चौसष्ट."

बहात्तर त्याचं स्वतःचं.

"अहो, मागे शून्य झालं! पुढे एकशे छत्तीस. कोण आलंय आत?"

तो सीटवर जरा सरकून बसला.

"आता मागे एकसष्ट. पुढे पंच्याहत्तर."

त्याने दोन्ही हात मांडीवर सावकाश जवळ घेतले.

"मागे शून्य. पुढे पंच्याहत्तरच. तराजू, ऐकताय ना? बटण दाबू?"

"बाई," तो कुजबुजला, "जरा हळू बोला."